साथीदार, वीरा

साथीदार, वीरा : (मृत्यू १३ एप्रिल २०२१, नागपूर). मराठी चित्रपट अभिनेते, कवी, संपादक आणि आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे ही त्यांची गाजलेली भूमिका. चरित्र अभिनेता म्हटला की रंगभूमीवर घासलेली वर्षे, मग छोट्या भूमिका, मग मालिका आणि उतारवयात एखादी लक्षात राहणारी भूमिका, असा क्रम मराठी प्रेक्षकाच्या सवयीचा आहे. साथीदारांच्या बाबतीत यातले जवळजवळ काहीच घडले नाही. ते पडद्यावर आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि आयुष्याची बहुतेक वर्षे सभा, मोर्चे, पथनाट्ये आणि छापखाना यांत गेलेली होती.

साथीदारांचे बालपण वर्धा जिल्ह्यातील परसोडी या गावात गेले. वडील नागपूर रेल्वे स्थानकावर हमाली करत, आई मजुरी करत असे. घर आंबेडकरी विचारांचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतर वर्धा-नागपूर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये जी पिढी वाढली, तिच्यातले ते एक. वर्धा म्हटले की बाहेरच्या माणसाला सेवाग्राम आणि गांधीजी आठवतात. पण याच जिल्ह्यात कापसाच्या शेतांवर आणि हिंगणघाटच्या गिरण्यांत राबणाऱ्यांची, जयंतीच्या मंडपात भीमगीते ऐकत मोठी झालेल्यांची एक दुनिया आहे. साथीदार त्या दुनियेतून आले. पुढे नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. कामगार संघटनेचे काम, ‘इप्टा’ या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेशी जवळीक, कविता, भाषणे आणि ‘विद्रोही’ या मराठी नियतकालिकाचे संपादन असा त्यांचा पसारा होता.

नारायण कांबळे हे पात्र कुठून आले हे कळायला जलशांचा, म्हणजे प्रबोधनपर गाण्यांच्या कार्यक्रमांचा, इतिहास थोडा आठवावा लागतो. बाबासाहेबांच्या हयातीतच आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले होते. लोककवी वामनदादा कर्डकांनी ती परंपरा घराघरात नेली. दुसरीकडे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी कम्युनिस्ट विचारांचे लाल बावटा कलापथक उभे केले. या दोन्ही धारा पुढे अनेक शाहिरांच्या गळ्यात एकत्र आल्या. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. २०११ नंतर पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलाकारांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटले चालले. ‘कोर्ट’ लिहिला गेला तो काळ हा होता. त्यातली गाणी शाहीर संभाजी भगत यांची आहेत, त्यामुळे पडद्यावरच्या शाहिराला खऱ्या शाहिरीचा आवाज मिळाला.

चित्रपटाची सुरुवात साधी आहे. दाटीच्या खोलीत वयस्क शिक्षक मुलांची शिकवणी घेतो, मग उठून कार्यक्रमाला जातो, मंचावर गातो आणि तिथूनच पोलीस त्याला घेऊन जातात. आरोप असा की, गटार साफ करणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराने त्याच्या गाण्यामुळे आत्महत्या केली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणे. नंतर पवारची बायको साक्षीला येते आणि तिच्या तुटक उत्तरांतून खरे मरण उलगडते. गटारात उतरताना अंगावर सुरक्षेचे काही नसे. आत हवा आहे की नाही हे पाहायला तो आधी खडा टाके, झुरळे बाहेर येतात का ते बघे. वास सहन व्हावा म्हणून दारू पिई. सरकारी कागदात ज्याला आत्महत्या म्हटले आहे, ते रोजच्या कामाने घेतलेले मरण होते.

साथीदारांचे काम नीट पाहायचे तर पटकथेतली एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बचाव वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर), सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) आणि न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) या तिघांची खासगी आयुष्ये कॅमेरा सावकाश दाखवतो: घर, जेवण, नाटकाची संध्याकाळ, सुट्टीतली सहल. आरोपीच्या वाट्याला तेवढा अवकाश नाही. त्याचा संसार, त्याची जुनी मिल, त्याच्या चळवळी हे सारे प्रेक्षकाने त्याच्या बसण्यावरून, उत्तर देण्याच्या संथपणावरून ओळखायचे आहे. साथीदार आरोपीच्या जागी उभे राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ना भीती असते ना हुतात्म्याचा आव; कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाचा सराईत थकवा असतो. मंचावर मात्र तोच माणूस ताठ होतो, हात वर जातो, आवाज मोकळा सुटतो. एका अंगात या दोन चाली दाखवणे हेच या भूमिकेचे खरे यश. त्यामागे अभिनयाचे रीतसर शिक्षण नव्हते, म्हणून ते ‘आपोआप’ झाले असे समजणे अन्यायाचे ठरेल. लांब, स्थिर चौकटींत तोल सांभाळणे सोपे नसते, आणि ताम्हाणे भरपूर टेक घेणारे दिग्दर्शक आहेत.

जामिनावर सुटलेल्या कांबळेला छापखान्यातून पुन्हा अटक होते, या वेळी अधिक कडक कायद्याखाली. मग न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. चित्रपट न्यायाधीशांच्या मागे सहलीला जातो आणि शाहीर पडद्यावर परत येत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘कोर्ट’ला ओरिझोन्ती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ असे दोन पुरस्कार मिळाले. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. हा मान आधी मिळवलेल्या ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘देऊळ’ या मराठी चित्रपटांच्या पंगतीत तो बसला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो देशात प्रदर्शित झाला. भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच पाठवला गेला. ‘श्वास’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ यांच्यानंतर हा मान मिळालेला तो तिसरा मराठी चित्रपट.

एवढ्या गाजावाजानंतरही साथीदार मुंबईला स्थायिक झाले नाहीत. नागपुरातले त्यांचे काम आणि वावर चळवळीतच राहिला. भाषणाला बोलावले की जात, लिहीत, तरुणांशी वाद घालत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना संसर्ग झाला. नागपूरच्या एम्समध्ये उपचार सुरू असताना १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात दरवर्षी कार्यक्रम होतो. मे २०२५ मधल्या कार्यक्रमात समता कला मंचाच्या कलाकारांनी फैज अहमद फैज यांची ‘हम देखेंगे’ ही नज्म गायली. फैज यांनी ती १९७९ मध्ये, पाकिस्तानात झिया-उल-हक यांची लष्करी राजवट असताना लिहिली होती. कार्यक्रमानंतर सीताबर्डी पोलीस ठाण्यात साथीदारांच्या पत्नी, इतर आयोजक आणि वक्ते यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. त्यात भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लावले होते. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठीचे हे कलम १ जुलै २०२४ पासून, जुन्या राजद्रोहाच्या कलमाच्या जागी, लागू झालेले आहे.