सामाईक सर्व्हरवरील दोषशोधन : एक ऐतिहासिक टिपण

जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या नेक्स्ट संगणकावर जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये’ अशा आशयाची हस्तलिखित चिठ्ठी चिकटविलेली होती. अनेकांच्या उपयोगातील यंत्र सदोष आढळल्यास इतरांचे काम न खोळंबविता त्याची तपासणी कशी करावी, हा प्रश्न मात्र त्या चिठ्ठीहून जुना आहे.

प्रारंभीच्या संगणकावर एका वेळी एकाच व्यक्तीचे काम चाले. यंत्र थांबवून त्याची स्मृती न्याहाळण्यास प्रत्यवाय नसे. नोव्हेंबर १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी सीटीएसएस ही कालविभाजन पद्धती दाखविली आणि ही मोकळीक संपली. पुढे ही पद्धती आयबीएम ७०९४ यंत्रावर आली, तेव्हा नियंत्रक आज्ञावली व वापरणारे यांसाठी ३२,७६८ शब्दांच्या दोन पृथक स्मृती योजिल्या गेल्या. एकाची चूक दुसऱ्यास बाधू नये, ही तजवीज यंत्राच्या रचनेतच झाली.

तथापि व्यवस्थापकांच्या हातांना असे कुंपण नव्हते. त्याच दशकात दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइलींत फेरफार करीत होते. संपादक आज्ञावली दोघांच्याही तात्पुरत्या फाइलीस एकच नाव देई. त्यामुळे फाइलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दैनिक सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. त्या जागी एका वेळी एकच जण काम करील, हे जुने गृहीतक येथे नडले.

वेब सर्व्हरच्या काळात या अनुभवाचे महत्त्व वाढले. १९९७ मधील अपाची १.२ या आवृत्तीत हाती असलेल्या विनंत्या पुऱ्या करूनच सर्व्हर नव्याने सुरू करण्याची सोय होती. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस १० मध्ये २००५ साली आलेल्या डीट्रेसने त्यापुढचे पाऊल टाकले. चालू यंत्राचे निरीक्षण करणाऱ्या त्याच्या डी भाषेत आवर्तनाची रचना हेतुतः वगळली आहे. निरीक्षकाची चूक यंत्रास अनंत फेऱ्यात अडकवू नये, हा त्यामागील उद्देश होय. अर्थात त्यामुळे निरीक्षकास काही प्रश्न सरळपणे विचारता येत नाहीत. परंतु सामाईक यंत्रावर ही किंमत रास्तच मानली पाहिजे.

सर्नमधील चिठ्ठी ही विनंती होती व तिचे पालन वाचणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून होते. दोषशोधनाच्या साधनांचा इतिहास म्हणजे त्या सौजन्याचे क्रमशः नियमात झालेले रूपांतर होय.