इंग्रज कुळांचा पूर्वजशोध : नोंद, नाव आणि पुरावा

इंग्लंडमधील सामान्य कुटुंबाची वंशावळ शोधताना ज्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो, त्यांपैकी फारच थोड्या नोंदी वंशावळीसाठी केल्या गेल्या होत्या. सरदार व जमीनदार घराण्यांची गोष्ट वेगळी. १५३० ते १६८८ या काळात राजाचे वंशाधिकारी परगण्यापरगण्यांतून हिंडून अशा घराण्यांच्या वंशावळी तपासून घेत असत. शेतमजूर, विणकर किंवा लोहार यांची नोंद मात्र धर्मसंस्थेने, राज्यसत्तेने अथवा ग्रामप्रशासनाने आपापल्या गरजेपुरतीच केली. नोंदीमागील हेतू कळल्यावाचून तिचे पुरावा म्हणून मोल ठरविता येत नाही.

या साधनांत अग्रस्थान पॅरिशच्या नोंदवह्यांचे होय. प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. पुढे १५९८ मध्ये या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचे आणि प्रतिवर्षी त्यांची नक्कल बिशपकडे पाठविण्याचे ठरले. जुन्या नोंदी उतरविताना निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या तरी उतरवाव्यात, अशी सवलत असल्यामुळे अनेक वह्यांचा आरंभ १५५८ पासून होतो. तत्पूर्वीची वीस वर्षे तेथे बहुधा हरवली ती लेखकांच्या श्रमबचतीमुळे. १६४२ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळातही पुष्कळ वह्यांत खंड पडलेला आढळतो.

वहीतील तारीखही सावधपणे वाचावी लागते. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्षारंभ २५ मार्च रोजी मानीत. त्यामुळे एप्रिल १६५० मध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे दफन फेब्रुवारी १६५० मध्ये नोंदलेले आढळले, तर त्यात विसंगती नाही. तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १६५१ चा होय.

नावांचा प्रश्न याहून बिकट आहे. आडनावाचे लेखन दीर्घकाळ स्थिर नव्हते. लेखनिक कानाला जसे ऐकू येई तसे लिही. ज्या बोलींत शब्दारंभीचा ‘ह’ उच्चारला जात नाही, तेथे ‘हॅरिस’ कुटुंब ‘अ‍ॅरिस’ म्हणून नोंदले जाणे स्वाभाविक होते. उलट शुद्धतेच्या आग्रहाने नसलेला ‘ह’ जोडलाही जाई. काही वह्या लॅटिनमध्ये आहेत. त्यांतील ‘याकोबुस’ हा घरी ‘जेम्स’ होता की ‘जेकब’, हे त्या एका नोंदीवरून सांगता येत नाही.

तथापि भाषा जशी वाट चुकविते तशी ती दाखवितेही. लोकरी कापड पाण्यात तुडवून दाट करणाऱ्या कारागिराला दक्षिणेत व पूर्वेत ‘फुलर’, नैर्ऋत्येत ‘टकर’, तर उत्तरेत व पश्चिम मध्यप्रदेशात ‘वॉकर’ म्हणत. एकाच धंद्याची ही तीन आडनावे त्या त्या कुळाच्या मूळ प्रदेशाची दिशा सुचवितात. मात्र दिशा म्हणजे पुरावा नव्हे. वॉकर नावाचे कुटुंब कित्येक पिढ्यांपूर्वीच दक्षिणेत आलेले असू शकते.

गरिबांविषयीची सर्वांत सविस्तर माहिती, विरोधाभास असा की, त्यांना हुसकून लावण्याच्या खटपटीतून निर्माण झाली. १६६२ च्या कायद्यान्वये परगावाहून आलेल्या निर्धन माणसाला त्याच्या हक्काच्या पॅरिशकडे परत धाडता येत असे. हा हक्क कोठला, हे ठरविण्यासाठी न्यायाधिकारी त्याची जबानी घेत : जन्म कोठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, चाकरी किती काळ केली, लग्न केव्हा झाले. ज्या माणसाने स्वतः एक अक्षरही लिहिले नसेल, त्याचे आत्मवृत्त अशा जबानीत उरले आहे.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नागरी नोंदणी सुरू झाली. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनावही मिळू लागले. विवाहनोंदीत मात्र वधूवरांच्या मातांना २०२१ पर्यंत स्थान नव्हते. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले आहे. चौतीस वर्षांचा माणूस तेथे तीस वर्षांचा दिसतो. जन्माचे पॅरिश व कुटुंबप्रमुखाशी नाते ही माहिती १८५१ पासून मिळते. पूर्वज हिंदुस्थानात आला असल्यास शोधाची वाट मुंबईकडेही वळते. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या लंडनला पाठविलेल्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

एवढी साधने असूनही निर्णायक काम उरतेच. एका पॅरिशमध्ये एकाच नावाची दोन मुले दहा वर्षांच्या आत जन्मली, तर पुढे विवाह करणारा त्यांतील कोणता? येथे दफनाची वही जन्माच्या वहीइतकीच महत्त्वाची ठरते. एक मूल बालपणीच वारले असल्याचे आढळले, तर एक पर्याय गळतो. मृत अपत्याचे नाव पुढील अपत्यास देण्याचा प्रघात असल्यामुळे ही तपासणी अपरिहार्य होय. जबानी, मृत्युपत्र अथवा शेजारच्या पॅरिशची वही यांनी दुजोरा दिल्यावरच अनुमान सिद्धतेच्या जवळ पोहोचते.

तात्पर्य, दोन नोंदींतील नाव एक असणे आणि व्यक्ती एक असणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा दुवा नोंदवहीत नसतो. तो अभ्यासक घालतो, आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. हा दुवा चुकल्यास त्यामागील सारी पिढ्यांची ओळ दुसऱ्याच कुळाची होते. प्रत्यक्ष पूर्वज मात्र, विशेषतः जिचे माहेर कोठेच लिहिलेले नाही अशी स्त्री, दुसऱ्यांदा विस्मृतीत जाते. म्हणून अखंड दिसणाऱ्या वंशावळीपेक्षा, जेथे पुरावा संपतो तेथे रिकामी जागा सोडणारी वंशावळ इतिहासाच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय मानली पाहिजे.