भ्यालेल्या शूरांचे वैद्य

तोफेच्या गोळ्यानें ज्याचा पाय गेला, त्या सैनिकाला जग मान देतें. परंतु त्याच गोळ्याच्या धडाक्यानें ज्याचें मन मोडलें, त्याला पहिल्या महायुद्धांत अनेकांनीं भ्याड म्हटलें. भ्याडपणा, पलायन अशा आरोपांखालीं ब्रिटिश सैन्यानें गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना क्षमा मिळाली, ती २००६ सालीं! आणि ह्या जगाच्या दूषणाहूनहि दुःसह गोष्ट ही, कीं पुष्कळ रुग्ण स्वतःच स्वतःचा धिक्कार करीत.

अशा अधिकाऱ्यांसाठीं १९१६ सालीं एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें रुग्णालय उघडलें. तेथील एक वैद्य म्हणजे डॉ. विल्यम रिव्हर्स. आपल्या नीलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ लिहिणारे तेच हे. ‘मन घट्ट करा, झालें गेलें विसरा,’ हा उपदेश रुग्णांनीं सर्वत्र ऐकलेला असे. त्याप्रमाणें ते दिवसभर आठवणी दडपीत. रात्रीं त्याच स्वप्नांतून उसळत.

एका अधिकाऱ्याला शोधावयास गेलें असतां आपल्या मित्राच्या देहाचे तुकडे सांपडले होते. तेंच दृश्य त्याला रोज रात्रीं छळी. रिव्हर्सनीं त्याला विसरावयास सांगितलें नाहीं. ते म्हणाले, देहाची ही दशाच सांगते कीं मृत्यु तत्क्षणीं आला. मित्राला तडफडावें लागलें नाहीं. रुग्णानें आठवणीशीं झगडणें सोडलें. कांहीं रात्रींनंतर पुन्हां स्वप्न पडलें. त्यांत तो मित्राजवळ गुडघे टेकून बसला, आप्तांकडे पाठविण्यासाठीं त्याच्या वस्तु गोळा करूं लागला आणि हलकेंच रडत जागा झाला. भय गेलें होतें. शोक उरला होता.

हा वृत्तान्त रिव्हर्सनीं डिसेंबर १९१७ मध्यें वैद्यांच्या सभेपुढें वाचला. दुसऱ्या एका रुग्णाच्या आठवणींत सांत्वनाचा अंशहि सांपडला नाहीं, हेंहि त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें. शिवाय बरा झालेला रुग्ण पुन्हां आघाडीवर जाई, हा सल त्या उपचारांत होताच.

क्रिस्टिन नेफ ह्या अमेरिकन विदुषीनें २००३ सालीं आत्मकरुणेचीं तीन अंगें मांडलीं : स्वतःशीं ममता, आपलें दुःख हें मनुष्यमात्राचेंच दुःख आहे ही जाणीव, आणि वेदनेकडे न बुडतां, न पळतां पाहणें. त्यांपैकीं शेवटचें अंग त्या अधिकाऱ्याला एका वैद्याच्या सोबतीनें साधलें. मित्रासाठीं रडण्याची मुभा त्यानें स्वतःला दिली, तेव्हांच त्याला झोंप आली.