तळे क्रमांक २६०
कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील अरण्यात ‘क्रमांक २६०’ एवढीच ओळख असलेले एक तळे आहे. २००१ पासून तीन उन्हाळे शास्त्रज्ञांनी त्यात संततिप्रतिबंधक गोळ्यांतील कृत्रिम स्त्री-संप्रेरक मिसळले. लिटरमागे ग्रॅमचा अवघा पाच-सहा अब्जांश! मासे तडकाफडकी मेले नाहीत. परंतु ‘फॅटहेड मिनो’ या चिमुकल्या माशाच्या नरांत अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले. वृषणांची वाढ खुंटली, काहींत अंडपेशीही आढळल्या. पिले निपजेनात. ती जात तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. प्रयोग थांबल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा वाढली. शास्त्रज्ञांनी आपला हात आवरला; परंतु शहरांच्या सांडपाण्यातून हेच द्रव्य नद्यांत अहोरात्र उतरते. तेथे हात कोणी आवरावयाचा?