नसलेल्या स्टेशनाचा पत्ता

आमच्या तेरखेड्यात घड्याळापेक्षा वातीवर भरवसा जास्त. शोभेच्या दारूचं गाव हे. सोलापूर-धुळे रस्त्याने जाणारा माणूस दिवाळीच्या तोंडावर इथे गाडी थांबवतोच. वात किती लांब कापायची आणि ती पेटल्यावर किती पावलं मागे सरायला वेळ मिळतो, हा हिशेब इथल्या बायामाणसांच्या बोटांत असतो. पण एखादी वात फसवते. धूर नाही, ठिणगी नाही. विझली समजून माणूस वाकून बघायला जातो. लहानपणी एका जुन्या कारागिराने मला बजावलं होतं, “विझलेल्या वातीपाशी जायचं नाही. लांबूनच पाणी मारायचं आन् घरी जायचं.”

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर ऑगस्ट २०२५मध्ये पुण्यात वारले, तेव्हा बातम्यांमध्ये ‘थरारक पलायन’ हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. मला मात्र त्या गोष्टीतली वात दिसत होती. १९७२मध्ये पाकिस्तानातल्या तुरुंगाची भिंत फोडून, पावसातून, शत्रूच्या मुलखातून पारुळकर धरून तीन माणसं बिनबोभाट निघून गेली आणि सरहद्द चारेक मैलांवर असताना एका गावाच्या नावापाशी अडकली. ती वात पेटली तेव्हा त्या तिघांपैकी कुणी जन्मालाही आलेलं नव्हतं.

चाळीस वर्षं बाकी

१५ डिसेंबर १९३२. खैबर खिंडीतल्या रेल्वेचा शेवटचा तुकडा इंग्रजांनी बंद केला. जमरूद ते लंडी कोतल ही लाइन त्यांनी नोव्हेंबर १९२५मध्ये सुरू केली होती. ३४ बोगदे, ९२ पूल आणि चढ असा अवघड, की गाडीला मध्येच थांबून उलट्या तोंडाने वर चढावं लागे. आपल्या बोरघाटातही १९२९पर्यंत असंच एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२६मध्ये खैबरचे हे रूळ खिंडीच्या पलीकडच्या उतारावर, अफगाण सरहद्दीच्या दिशेने, लंडीखान्यापर्यंत नेले. सहा वर्षांत तो टप्पा गुंडाळला. स्टेशन मेलं, पण नकाशावरची रेघ आणि तिच्या टोकाचं नाव कुणी खोडलं नाही.

सात वर्षं बाकी

सप्टेंबर १९६५. मार्च १९६३मध्ये हवाई दलात दाखल झालेला एक तरुण वैमानिक मोहिमेवर असताना जमिनीवरून आलेला मारा विमानात घुसतो आणि त्याचा उजवा खांदा जखमी होतो. तुकडीचा प्रमुख त्याला उडी मारायला सांगतो. पारुळकर उडी मारत नाहीत. मोडकं विमान आणि जखमी खांदा दोन्ही घेऊन तळावर उतरतात. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. पदकापेक्षा मला यातला हट्ट महत्त्वाचा वाटतो. सात वर्षांनी पुन्हा तोच कामाला येणार होता.

आठ महिने बाकी

१० डिसेंबर १९७१. पारुळकर आता सुखोई-७ उडवत होते. हे सोव्हिएत विमान भारताने १९६८पासून घ्यायला सुरुवात केली आणि २६ नंबरची स्क्वाड्रन ते उडवणारी पहिली. पारुळकर त्याच स्क्वाड्रनचे. सुखोई-७ म्हणजे दणकट सांगाडा, पोटात एकच प्रचंड इंजिन आणि इंधन पिण्याची खोड अशी की लांबचा पल्ला विसराच. जमिनीलगत येऊन रणगाडे, तोफा, रेल्वे यांच्यावर हल्ला करायचा, हे त्याचं काम. जमिनीलगत आलं की खालची प्रत्येक तोफ तुमच्याकडेच बघत असते. जफरवाल भागात तसंच झालं. विमान पडलं, पारुळकर छत्रीने उतरले आणि पकडले गेले.

पकडला गेलो तर पळून येईन, असं त्यांनी लढाईच्या आधीच आपल्या प्रमुखाला सांगून ठेवलं होतं. तेव्हा ते हसण्यावारी गेलं असेल. रावळपिंडीच्या हवाई दल छावणीतल्या कोठडीत त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

सहा आठवडे बाकी

२ जुलै १९७२. सिमल्यात करार झाला. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३,००० युद्धकैदी होते. इकडे रावळपिंडीत भारतीय हवाई दलाचे बाराजण. करारावर सह्या झाल्या, पण कैद्यांचं काय ते ठरलं नाही. बाराजणांमध्ये दोन मतं असणं साहजिक होतं. आज ना उद्या सोडतीलच, मग जिवाशी खेळ कशाला, हे एक. आणि दुसरं पारुळकरांचं.

सोबत दोघे, मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. भिंत पोखरायचं काम रात्रीचं, पलंगाखाली पडून, हाताला लागेल त्या हत्याराने. निघालेला माल रेड क्रॉसच्या खोक्यांत. उडताना रक्त पायांत उतरू नये म्हणून वैमानिक जो सूट घालतात, त्यातल्या फुगणाऱ्या पिशव्या काढून पाण्याच्या पखाली बनवल्या. शिवायच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. जिनिव्हा करारानुसार कैद्यांना महिन्याला थोडी उचल मिळते, ती साठवली. कमी होता तो एक खात्रीचा नकाशा. हाती लागलेल्या नकाशात पेशावरहून निघालेली रेल्वेची रेघ खैबरमधून जात लंडीखाना नावाच्या ठिपक्याशी संपत होती आणि तिथून अफगाणिस्तान हाकेवर दिसत होता. सरहद्दीचं नाव तोंडाने घ्यायची गरजच नाही. स्टेशनाचं नाव सांगायचं, गाडीतून उतरायचं आणि चालू लागायचं.

या योजनेत मला आजही खोट काढता येत नाही. पूर्वेला भारताची सरहद्द जवळ होती, पण तिच्यावर दोन्ही बाजूंनी फौजा आणि सुरुंग. पश्चिमेला जाणारा कैदी कुणाच्या डोक्यात येणार नव्हता.

साडेदहा तास बाकी

१३ ऑगस्ट १९७२, रविवार. मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला आहे. वादळ उठलं आहे, पाऊस सुरू आहे. बाहेरच्या गिलाव्याचा शेवटचा पापुद्रा फोडून तिघे एकामागून एक बाहेर सरकतात. चौकीदार पावसापासून आडोसा धरून डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलेला. आवाराची भिंत ओलांडली की समोर हमरस्ता. नशीब असं की सिनेमाचा रात्रीचा खेळ नुकताच सुटलेला आणि रस्त्यावर माणसंच माणसं. तीन ओली माणसं त्या गर्दीत मिसळून गेली.

पारुळकर आता फिलिप पीटर होते, पाकिस्तानी हवाई दलातले, सुट्टीवर निघालेले. ख्रिस्ती नाव घेतलं की नमाजाची, कलम्याची परीक्षा टळते. सिंहजींनीही तसंच नाव घेतलं होतं. दाढी राखलेले ग्रेवाल मुसलमान झाले.

सहा तास बाकी, पाच, चार

या तासांत काहीच घडलं नाही. पेशावरची एसटी मिळाली (आम्ही प्रत्येक सरकारी बसला एसटीच म्हणतो), तिघे बसले, कुणी विचारलं नाही. पहाटे पेशावर. तिथून टांगा. थोडी चाल. मग जमरूदपर्यंत बस, पुढच्या बसमध्ये जागा नाही म्हणून टपावर. खैबर खिंड त्यांनी अशी टपावर बसून, सकाळच्या उन्हात पाहिली. खाली रस्त्याच्या बाजूने ती रेल्वेलाइन वळणं घेत चढताना दिसत असणार. रूळ होते, पूल होते, बोगदे होते. नकाशा खरं बोलतोय, असंच त्यांना वाटलं असणार.

दीड तास बाकी

साडेनऊच्या सुमारास लंडी कोतल. बाजार भरलेला. इथे एक बारीकशी गोष्ट त्यांच्या लक्षात येते. या गर्दीत बोडक्या डोक्याची माणसं फक्त आपणच. ते टोप्या विकत घेतात. घाईने घेतलेल्या कोऱ्या टोप्या. परक्या माणसाला लपवणाऱ्या वस्तू त्याला कधीकधी जास्तच उठून दाखवतात.

चहा. मग चौकशी: लंडीखाना किती लांब? टॅक्सी मिळेल का?

आता तुम्हीच कल्पना करा. बार्शीच्या स्टँडवर एक अनोळखी माणूस येतो आणि येडशीला जाणारी लहान लाइनची गाडी किती वाजता आहे म्हणून विचारतो. ‘बार्शी लाइट’ बंद होऊन सतरा-अठरा वर्षं झाली. चहावाला हातातली किटली खाली ठेवून त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल. मग शेजारच्याला हाक मारेल. सगळं ठाऊक असलेला माणूस असा प्रश्न विचारत नाही आणि काहीच ठाऊक नसलेल्याला ते नाव माहीत असायचं कारण नाही. तो प्रश्न फक्त कागदावरून गाव ओळखणाऱ्यालाच पडतो. लंडी कोतलमध्ये तर मधे सतरा नाही, चाळीस वर्षं गेली होती.

टॅक्सीचा सौदा पंचवीस रुपयांवर आला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

शून्य

तहसील कचेरीतला कारकून होता. कुठे निघालात? लंडीखाना. तिथे काय आहे? फिरायला. लंडीखाना आता कुठे राहिलाय, ते तर इंग्रजांबरोबरच गेलं. मग पुढचा सवाल, आणि तो ऐकून तिघांना काय वाटलं असेल ते तेच जाणोत: तुम्ही बंगाली आहात का?

भारतीय कैदी पळालेत हे अजून कुणाला माहीत नव्हतं. पण युद्धानंतर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते आणि सरहद्दीवरचा प्रत्येक कारकून त्यांच्यावर नजर ठेवून होता. म्हणजे ज्या गुन्ह्याचा संशय आला, तो या तिघांचा नव्हताच.

तहसीलदारासमोर फिलिप पीटरची गोष्ट पुन्हा सांगून झाली. तहसीलदाराला ती पटेना. आदिवासी टोळ्यांचा मुलूख होता तो. इथल्या कोठडीत निनावी माणसांचं काय होईल, याची हमी नव्हती. आणि इथे पारुळकरांनी जे केलं, ते मला भिंत फोडण्याहून मोठं वाटतं. त्यांनी एक फोन मागितला, पाकिस्तानच्या हवाई दल प्रमुखांच्या एडीसींना. हे एडीसी, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, आधी या कैद्यांच्याच छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागलेले. ही आमचीच माणसं आहेत, एवढंच उस्माननी तहसीलदाराला म्हणायचं होतं.

फोन लागला. अकराचा सुमार. उस्माननी आवाज ओळखला. रावळपिंडीत असायला हवा तो आवाज लंडी कोतलहून येत होता, म्हणजे काय झालं असेल ते त्यांच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. त्यांनी तहसीलदाराला सांगितलं, माणसं आमचीच आहेत, त्यांना धक्का लावू नका, नीट सांभाळून ठेवा. रावळपिंडीतल्या पहारेकऱ्यांना भिंतीतलं भोक दिसलं ते त्यानंतर.

शून्यानंतर

पळून पकडल्या गेलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते आणि तीही ३० दिवसांहून जास्त नाही, असं जिनिव्हा करार सांगतो. तिघांना ३० दिवस एकांतवास मिळाला. मग सगळ्यांना लायलपूरच्या छावणीत हलवलं आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघ्याच्या फाटकातून भारतात आले. पारुळकर पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नेमणुकीवर होते, ग्रुप कॅप्टन झाले. या पलायनासाठी विशिष्ट सेवा पदकही मिळालं.

खैबरच्या रेल्वेचे रूळ नंतर पुरांनी ठिकठिकाणी उखडले. आता लंडीखाना सोडाच, लंडी कोतललाही गाडी जात नाही. नकाशांत अजून रेघ आहे.