झील धरणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागून 'जी जी जी' अशी झील उठते. या 'जी जी'ला शब्दकोशात अर्थ सापडणार नाही. पण ती काढून घ्या, पोवाडा तिथेच बसतो. आमच्या कोल्हापुरात शाहीर लहरी हैदर, शाहीर पिराजीराव सरनाईक ही नावे आजही मानाने घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. मात्र त्यांच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्यांपैकी दोघांची नावे सांगा म्हटले, तर जाणकारसुद्धा गप्प होतात.

आमचा मुद्दा या गप्प होण्याचा आहे.

आपली चळवळ वाचून जेवढी पसरली, त्याहून अधिक ऐकून पसरली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली देवादिकांची स्तुती बाजूला सारली आणि जलसा उभा केला. १९११ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषद झाली आणि महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे नेते म्हणून जाहीर केले. पुढे भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपण सगळेच सांगतो. पण जलसा म्हणजे एक माणूस नव्हे. ढोलकी, तुणतुणे आणि चार-पाच कंठ मिळून जलसा होतो. मग वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे आले. रेकॉर्ड आल्या, कॅसेट आल्या. मुखपृष्ठावर मुख्य गायकाचा फोटो आणि खाली दोन शब्द: 'आणि पार्टी'. या दोन शब्दांत आपली किती माणसे गाडली गेली!

हेच दुखणे समुद्रापलीकडेही आहे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्त्यांतली पोरे कोपऱ्यावर, जिन्याखाली, शाळेच्या आवारात जमून गात. वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, म्हणून गळ्याचीच वाद्ये केली. एक जण मुख्य ओळ गाई, एक खर्जात ठेका धरी, बाकीचे निरर्थक अक्षरांची झील देत. या गाण्याला पुढे 'डू-वॉप' म्हणू लागले. हे नावही त्या निरर्थक अक्षरांवरूनच पडले. आपल्या 'जी जी'चे हे दूरचे भावंडच.

तरुण मित्रांनी यातली चार गाणी जरूर ऐकावीत, आणि या क्रमाने ऐकावीत.

पहिले, 'श-बूम', १९५४. ब्राँक्समधल्या 'द कॉर्ड्स' या काळ्या गटाने हे गाणे स्वतः रचले. कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकले होते, तरी लोकांनी ते उचलले. त्याच वर्षी 'द क्रू कट्स' या गोऱ्या गटाने तेच गाणे गायले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. दोन्ही लागोपाठ ऐका. कुणाचा घाम आणि कुणाचे नाव, हे कानाला कळेल.

दुसरे, 'इन द स्टिल ऑफ द नाइट', १९५६. 'द फाइव्ह सॅटिन्स'नी ते न्यू हेवनमधल्या एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित केले. रचणारा फ्रेड पॅरिस तेव्हा सैन्यात होता. साधनांवाचून काय उभे राहते, ते इथे ऐकावे.

तिसरे, 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह', १९५६. गाणारा फ्रँकी लायमन तेरा वर्षांचा. मात्र त्याच्या मागे गाणाऱ्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांना या गाण्याच्या कर्तेपणासाठी कोर्टात जावे लागले. १९९२ मध्ये ते जिंकले. १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने दावा मुदतीबाहेरचा ठरवला आणि हातात आलेले गेले. झील धरणाऱ्याने नाव उशिरा मागितले तर काय होते, त्याचा हा धडा आहे.

चौथे, 'गेट अ जॉब', १९५८. फिलाडेल्फियाच्या 'द सिल्हूएट्स'चे हे गाणे बेकार पोराचे आहे. त्याला घरचे रोज टोचतात. यातली झील ऐकताना हसू येते आणि मग आपल्याच वस्तीतला चौक आठवतो.

कुणी म्हणेल, ही तर बहुतेक प्रेमगीते, चळवळीशी यांचा काय संबंध? आम्ही विचारतो, ज्याला माणूसच मानले नाही, त्याने जाहीरपणे 'मी प्रेम करतो' म्हणणे ही साधी गोष्ट आहे का? बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या आणि आपल्या प्रश्नाची जवळीक दाखवली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच त्यांच्याकडून घेतले. मग त्यांची गाणी आपल्याला परकी कशी?

एक फरक मात्र लक्षात घ्या. तिकडच्या संग्राहकांनी जुन्या रेकॉर्ड जपल्या. एकेका गटात कोण खर्ज गाई, कोण वरचा सूर लावी, याच्या याद्या केल्या. म्हणूनच सँटियागो हे नाव आज आम्ही इथे लिहू शकतो. आपल्याकडे ते काम झालेले नाही. त्यासाठी विद्यापीठाची किंवा सरकारी अनुदानाची वाट पाहू नका. १४ एप्रिलला डीजे ठरवण्याआधी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जा. कुणाच्या मागे कोण गात असे, ढोलकीवर कोण होते, हे विचारा. मोबाइलवर त्यांचा आवाज घ्या. नाव, गाव, साल वहीत लिहा. पेटीत पडलेली कॅसेट भंगारात जाण्याआधी उतरवून घ्या.

'आणि पार्टी' या दोन शब्दांच्या जागी माणसांची नावे आली पाहिजेत. कोर्टाची मुदत संपते, आठवणीचीही संपते. आपली अजून संपलेली नाही.

जय भीम!