पुढच्या आठवड्यात पाऊस येईल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात सप्टेंबरच्या मध्यापासून घरोघर एकच प्रश्न असतो : ज्वारी आता पेरावी की आठवडाभर थांबावे? रब्बीची ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. फार लवकर पेरली तर खोडमाशीचा उपद्रव वाढतो. पेरणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला तर जमीन वरून घट्ट होते आणि कोंब वर येत नाहीत. उशीर केला तर ओल खाली जाते. अशा वेळी 'यंदाचा पावसाळा एकंदरीत चांगला' हे उत्तर कामाचे नाही, आणि 'उद्या पाऊस पडेल' हे पुरेसे नाही. पुढच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज हवा असतो. हवामानशास्त्राला नेमके हेच उत्तर द्यायला फार उशीर लागला. तो का, हे पाहण्यासारखे आहे.

शेतकऱ्याजवळ पूर्वी काहीच नव्हते असे नाही. त्याच्याजवळ नक्षत्रे होती. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३ ते १४ दिवस असतो. म्हणजे हे पंधरवड्याचे पंचांगच झाले. सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून इथे मृगाइतकीच वाट उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांची पाहिली जाते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहे. पण ते अनेक वर्षांच्या सरासरीचे आहे. वर्गात आपण 'हवा' आणि 'हवामान' यांतला फरक शिकवतो. नक्षत्रांनी सांगितले ते हवामान. 'यंदाचा हस्त कसा?' हा प्रश्न हवेचा.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनमध्ये त्याची मोठी झळ सोलापूरला बसली. सरकारला पावसाळ्याचे भाकीत आधी हवे होते. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी संबंध जोडला आणि १८८६ पासून नियमित भाकिते सुरू झाली. १८९९ मध्ये चांगल्या पावसाचे भाकीत साफ चुकले. त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पडताळून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबातला झोका शोधला. शोध मोठा होता, पण तोही संपूर्ण हंगामाविषयी बोलणारा.

दुसरीकडे शेतीचा विचार सुरू झाला होता. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राची शाखा निघाली. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता येऊ लागल्या. त्यांचा आवाका मात्र एक-दोन दिवसांचा.

म्हणजे दिवसाचा अंदाज होता, हंगामाचा होता, मधला नव्हता. शिवाय १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांच्या गणिताने धक्काच दिला. आजच्या मोजमापातली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस पडेल असे सांगता येणे शक्य नाही.

वाट सापडली ती फार दूर, प्रशांत महासागरातल्या कँटन नावाच्या चिमुकल्या बेटावर. हे बेट आज किरिबाती या द्वीपराष्ट्राचा भाग आहे. तिथून रोज फुगे सोडून वरच्या थरांतले वारे मोजले जात. अमेरिकेतल्या रोलंड मॅडन आणि पॉल जूलियन यांनी तिथल्या जवळजवळ दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९७१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की वारे आणि दाब ४० ते ५० दिवसांच्या लयीत बदलतात. ढगांचा एक प्रचंड समूह विषुववृत्तालगत सावकाश पूर्वेकडे सरकतो, त्याची ही खूण होती.

याचा आपल्या पावसाशी काय संबंध? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डी. आर. सिक्का आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ मधल्या उपग्रह-छायाचित्रांचा अभ्यास केला. १९८० साली त्यांनी दाखवले, की पावसाळ्यात ढगांचे पट्टे विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकत येतात आणि महिना-सव्वा महिन्याने नवा पट्टा निघतो. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक अक्षांश. सोलापूर सुमारे साडेसतरा अक्षांशांवर आहे. आता गणित आपणच करा : विषुववृत्तावर पट्टा दिसला, की तो इकडे यायला अडीच आठवडे.

मग लॉरेन्झ चुकले का? नाही. वारीत अमुक एक वारकरी परवा दुपारी कुठे असेल हे सांगता येणार नाही. पण पालखीचा मुक्काम कुठे असेल हे सांगता येते. ढगाचे तसेच. एका ढगाचे भाकीत होत नाही, पट्ट्याचे होऊ शकते. म्हणून साप्ताहिक अंदाज 'गुरुवारी मोहोळला पाऊस' असे म्हणत नाही. 'या आठवड्यात या विभागात पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता' असे म्हणतो. हवामान खात्याने २०१६ पासून संगणकीय प्रारूपाच्या आधारे दर आठवड्याला पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देणे सुरू केले. त्यातले पहिले दोन आठवडे बरेच भरवशाचे, पुढचे कमी. आणि पालखीही कधी वाटेत थबकते : काही पट्टे मध्येच विरून जातात. तेव्हा हा अंदाज वाफसा पाहणाऱ्या शेतकऱ्याची जागा घेत नाही. तो पाहत असलेल्या आभाळाला दोन आठवड्यांची जोड देतो.

शाळेत हे सहज पडताळता येईल. पर्जन्यमापकाच्या जून ते ऑक्टोबरच्या नोंदी आठवड्यावार मांडा आणि स्तंभालेख काढा. ओले आठवडे, मग खंड, पुन्हा ओले आठवडे असे दिसते का पाहा. एका वर्षात लय दिसेलच असे नाही. पाच-सहा वर्षांचे आलेख शेजारी ठेवा. कँटन बेटाचे गुपितसुद्धा असेच, चिकाटीने ठेवलेल्या रोजच्या नोंदींतून उलगडले होते.